पिवळ्या दोऱ्याची कलमं

गारा पडल्या त्या जेमतेम पाव तास. पण तेवढ्यात त्यांनी नर्सरीवरची जाळी फाडली आणि जाळीखाली वर्षभर तळहातावर वाढवलेली कलमं मोडून आडवी केली. मालक सकाळी आले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि शेडच्या दाराशी उकिडवे बसले. मालकांसारख्या भारी अंगाचा माणूस उकिडवा बसला की त्याला उठवायला दोघं लागतात. त्या दिवशी उठवायला कुणी गेलं नाही.

रोपं नेणारे लोक काही थांबणार नव्हते. पावसाआधी त्यांना झाडं लावायची होती, आणि यांची नसतील तर दुसऱ्याची घेतील. म्हणजे चार महिन्यांचं कलम बांधायचं काम आता दोन महिन्यांत उरकायचं. चाकूवर, म्हणजे कलमं बांधायला, बसणाऱ्या बाया अकरा. त्यांतल्या दोघी एकाच घरच्या जावा. त्यांना सगळी शेड थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. खरी नावं हजेरीच्या वहीत असतील तेवढीच.

थोरली या शेडवर तीस वर्षं होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोरबाळ नाही. लग्न होऊन आलेल्या धाकटीला चाकू धरायला आणि खुंटाला, म्हणजे कलमाखालच्या रोपाला, चीर द्यायला तिनंच शिकवलं. तेव्हा धाकटीचं बोट कापलं की थोरली ते आपल्या तोंडात घालायची आणि वर शिवी द्यायची, "रक्त खुंटाला नको लावू, त्याला वाटेल खतच आहे." आता धाकटीचा हात शेडमध्ये सगळ्यांत चपळ होता आणि थोरलीच्या अंगठ्याच्या पेरात गाठ आली होती. सकाळी पहिला तासभर तिचा अंगठा कुरकुरणाऱ्या बिजागरीसारखा वागायचा.

तोवर याचं कुणाला काही नव्हतं. कामाची रीतच तशी होती. जिच्यासमोरचे खुंट संपले ती उठायची आणि जिच्यासमोर ढीग उरलाय तिच्याशेजारी जाऊन बसायची. संध्याकाळी सगळ्यांचं एकदम संपायचं. अमकीचं कलम, तमकीचं कलम असं काही नसे. कलमं शेडची.

पुढच्या सोमवारी मालक एका माणसाला घेऊन आले.

"हे आपली कामाची पद्धत बघतील," मालक म्हणाले. "काही विचारलं तर सांगा. नाही विचारलं तरी सांगा."

माणूस तिशीतला, बारीक, इस्त्रीच्या शर्टाचा. गळ्यात काळी दोरी, आणि दोरीला घड्याळ.

"बैलाच्या गळ्यात घुंगरू असतं तसं आहे गं," रेडिओ हळूच म्हणाली. या बाईचं तोंड दिवसभर बंद नसे, म्हणून तिला रेडिओ म्हणत.

"घुंगरानं बैल कुठंय ते आपल्याला कळतं," दुसरी म्हणाली. "हे घड्याळ आपण कुठंय ते बैलाला सांगणार."

दुपारपर्यंत त्याचं नाव टिकटिक पडलं होतं.

टिकटिक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर सगळं त्याच्या डोक्यावर मारून मोकळं होता आलं असतं. तो बायांना 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायचा. डबा एकटा बसून खायचा, आणि खाताना कुणाची नजर पडली की झाकण अर्धं लावून घ्यायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात जमिनीवर बसायचं बंद करून टेबलं आणवली, तेव्हा अकरा कमरांनी त्याला मनातल्या मनात दुवा दिला. कलमाला गुंडाळायची प्लॅस्टिकची पट्टी दातानं तोडायची रीत होती; त्यानं पट्ट्या आधीच कापून प्रत्येकीच्या टेबलाला खिळा ठोकून टांगून ठेवल्या. रेडिओचा पुढचा दात निम्मा पट्टीनंच झिजला होता. ती म्हणाली, "दहा वर्षं आधी आला असतास तर माझा फोटो तरी चांगला आला असता."

मग त्यानं एकेकीसमोर बसून वेळ घ्यायला सुरुवात केली. उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसायचा, घड्याळाचं बटण दाबायचा आणि वहीत लिहायचा.

थोरलीसमोर तो सगळ्यांत जास्त वेळ बसला. थोरली खुंटाची पिशवी पुढे ओढायची, देठ बोटानं चाचपायची, शेंडा कापायची, मधोमध चीर द्यायची. मग ओल्या गोणपाटातली चांगल्या झाडाची काडी घ्यायची, दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची आणि चिरेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे. ती भिडली की थोरली जोड चिमटीत धरून क्षणभर नुसती बसायची. मग पट्टी गुंडाळायची आणि वर प्लॅस्टिकची टोपी.

"ताई, मधे थांबता ते कशासाठी?"

"कुठं थांबते?"

"हे, आत्ता. जोडल्यावर. नऊ सेकंद."

थोरलीनं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसा तो शेजारणीचा असावा. "धरते."

"काय धरता?"

"जोड धरते."

"पण जोड तर पट्टीच धरणार ना?"

"हो, पट्टीच धरणार." थोरलीनं थोडा विचार केला. "मग मी कशाला धरते गं?" असं तिनं शेडलाच विचारलं.

शेड हसली. थोरलीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढचं कलम तिनं न धरता सोडून दिलं. पट्टी घ्यायला खिळ्याकडे हात गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला, कुलूप लावलं की नाही ते बघायला माणसानं दारापर्यंत परत यावं तसा.

"तीन मिनिटं पन्नास," टिकटिकनं लिहिलं.

मग तो धाकटीसमोर आला. दोन कलमं नुसती बघितली आणि घड्याळ खाली ठेवलं.

"तुम्ही डावखुऱ्या आहात?"

धाकटीनं चाकू लपवल्यासारखा केला. माहेरी डाव्या हातानं घास घेतला म्हणून ती पुष्कळदा मार खात आली होती.

"मग तुमचा खिळा चुकीच्या बाजूला ठोकलाय," तो म्हणाला. उठला, खिळा उपटला आणि स्वतः दुसऱ्या बाजूला ठोकून दिला. काड्यांचं गोणपाटही उचलून तिकडे ठेवलं.

जन्मात कुणी तिच्यासाठी एखादी वस्तू डाव्या बाजूला ठेवली नव्हती. त्या दिवशी तिचा हात पाण्यासारखा वाहिला. "एक मिनिट पंचेचाळीस," टिकटिक म्हणाला, आणि हे त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात फळा लागला. प्रत्येकीला एका रंगाच्या दोऱ्याचं रीळ मिळालं. आपण बांधलेल्या कलमाच्या देठाला आपला दोरा बांधायचा. थोरलीचा पिवळा, धाकटीचा निळा. आपापल्या टेबलावर बसायचं, दुसरीच्या टेबलावर जायचं नाही, नाहीतर मोजणार कसं? दिवसाला एकशेऐंशी झाली पाहिजेत. दोन आठवडे जिची एकशेऐंशी होणार नाहीत तिनं चाकू ठेवायचा आणि मातीवर जायचं.

माती म्हणजे शेडच्या मागचा ढिगारा. तिथं उन्हात बसून माती, वाळू आणि शेणखत कालवायचं आणि पिशव्या भरायच्या. त्यात कमीपणा काही नाही, सगळ्यांची सुरुवात मातीवरच होते. पण सुरुवात. तीस वर्षं चाकूवर बसलेली बाई मातीवर परत गेलेली शेडनं पाहिली नव्हती.

संध्याकाळी टिकटिकनं खडूनं आकडे लिहिले. सगळ्यांत वर धाकटी, दोनशे एकतीस. सगळ्यांत खाली थोरली, एकशे चोवीस.

"बघा, पहिला नंबर पण एकाच घरात, शेवटचा पण," रेडिओ म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, रेडिओच्या मनात काही राहतच नसे. पण सगळ्या बायांच्या नजरा फळ्यावर वरून खाली आणि खालून वर आल्या, आणि मग दोघी जावांवर. थोरली सांडलेल्या साली झाडत होती. तिला आकडे वाचता यायचे, पण ती वाकलेलीच राहिली. धाकटीच्या मानेवर घामोळं फुटावं तसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीनं देणं सुरू केलं.

ते सोपं होतं. दोघींची टेबलं लागून होती. थोरलीचे गुडघे धरलेले, म्हणून दोघींचे क्रेट उचलून नवी जाळी टाकलेल्या सावलीच्या घरात नेऊन ठेवायचं काम आधीपासून धाकटीकडेच होतं, आणि मोजणी तिथं व्हायची. थोरली पाण्याला गेली की धाकटी पिवळ्या रिळाचा बराचसा दोरा तोडून खिशात टाकायची. दुपारी चारनंतर जी कलमं व्हायची त्यांतल्या पंचावन्न-साठ कलमांना ती निळ्याऐवजी पिवळा बांधायची आणि नेताना थोरलीच्या क्रेटमध्ये सरकवायची.

फळ्यावर थोरली एकशे त्र्याऐंशी.

"एवढी झाली?" थोरली म्हणाली.

"झाली की," धाकटी म्हणाली.

"टेबलामुळे असेल."

"टेबलामुळेच."

धाकटीला फार बरं वाटलं. आपण काहीतरी मोठं आणि गुपचूप करतोय असं वाटलं. रात्रीचं जेवण वाढताना तिनं नवऱ्याला डोळ्यानं खूणही केली, पण त्याला ती कळली नाही. तो टेम्पो चालवायचा आणि घरी आला की त्याला रस्त्याशिवाय काही दिसत नसे.

थोरलीनंच विषय काढला. "भाऊजी, आज एकशे त्र्याऐंशी झाली माझी."

"काय, वहिनी?"

"कलमं. त्या घड्याळवाल्यानं मोजली. मला वाटलं होतं, गेला हात. पण चालतोय अजून." आणि तिनं हात दिव्याखाली धरून उलटासुलटा करून दाखवला. पन्नाशी ओलांडलेली बाई, अशा थाटात तिनं कधी नवी बांगडीसुद्धा दाखवली नव्हती.

"वहिनी, तुमचा हात आहे तो," टेम्पोवाला म्हणाला. "जायला काय झालं?"

धाकटी खाली मान घालून जेवत राहिली.

आता एक गोष्ट आहे, जी धाकटी पुढे कितीतरी दिवस स्वतःला वेगवेगळ्या रीतीनं सांगत राहिली. सकाळच्या काड्या रसरशीत असतात. पेन्सिलीएवढ्या जाड, डोळे टपोरे. चारनंतर गोणपाटात उरतात त्या बारक्या, वाकड्या, उन्हानं अर्धवट सुकलेल्या. चारनंतर पाठ भरून येते आणि चाकूची धारही बसलेली असते. साठ द्यायची, आणि वर आपला पहिला नंबरही ठेवायचा, म्हणजे दिवसाला पावणेतीनशे कलमं. शेवटच्या तासात ती जोड बघत नव्हती. साल सालीला भिडली की नाही ते बघायला वेळ नव्हता. पाचर खुपसायची, पट्टी फिरवायची, टोपी घालायची, पुढचं. सकाळची चांगली कलमं निळ्या दोऱ्याची आणि संध्याकाळची ही असली पिवळ्या. तिनं ठरवून केलं नव्हतं. पण सकाळी पिवळा दोरा बांधावा असं एक दिवसही तिच्या मनात आलं नाही, हेही खरंच.

थोरली त्या दिवसांत पुन्हा तरुण झाली. रोज सकाळी शेडला निघताना पुढे चालायची. चाकूला दगडावर धार लावताना गुणगुणायची. टिकटिक जवळून गेला की म्हणायची, "धरते हं मी अजून, नऊ सेकंद. लिहायचं तर लिही." आणि टिकटिक हसायचा, कारण आकडा एकशेऐंशीच्या वर होता.

कलम लागलं की नाही हे त्या दिवशी कळत नाही, त्यासाठी तीन-साडेतीन आठवडे थांबावं लागतं. टोपी काढली की जिवंत काडीवर कोंब आलेला असतो, तांबूस आणि चिकट. मेलेली काडी काळी पडलेली असते. नखानं खरवडली तर आत कोरडी, सरपणासारखी.

पहिल्या टोप्या काढायच्या दिवशी मालकही आले. अकराही बाया सावलीच्या घरात ओळीनं फिरत टोप्या काढत होत्या. टिकटिक मागून वही घेऊन येत होता. मेलेली कलमं बाजूला काढून रंगाप्रमाणे ढीग लावायचे. असे ढीग घालताना कुणाला काही वाटलं नव्हतं, थोडी थोडी मरतातच. पण तासाभरात जमिनीवर सगळे ढीग घोट्याएवढे आणि एक ढीग गुडघ्याएवढा, पिवळा.

धाकटीनं तो वाढताना पाहिला.

"पिवळा कुणाचा?" मालकांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय मालकांना मालक असल्यासारखं वाटत नसे.

रेडिओसुद्धा खाली बघून टोप्या काढत राहिली.

"ताई," टिकटिक खालच्या आवाजात म्हणाला, "बाकीच्यांची दहातली एक-दोन गेलीत. तुमची चार दिवसांची मिळून दोनशेच्या वर गेली आहेत."

"माझी?" थोरली म्हणाली.

ती ढिगाजवळ गेली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली. एक कलम उचललं, पिवळा दोरा बघितला. मग पट्टीचं टोक नखानं सोडवून ती उलगडायला लागली. एक वेढा उलगडला आणि ती थांबली. दुसरं कलम उचललं. ते उलगडलंच नाही, नुसतं डोळ्यांजवळ नेऊन फिरवलं. तिसरं उचललं.

उजव्या हाताची बाई पट्टी गुंडाळते तेव्हा वेढे एका दिशेनं वर चढतात, डावखुरीचे उलट्या. टिकटिकला हे माहीत नव्हतं, मालकांनी कधी बघितलं नव्हतं. बायांनाही उलगडून बघायचं कारण पडलं नव्हतं. पण जिनं डावखुऱ्या पोरीला शिकवताना आपले हात उलटे फिरवून दाखवले होते, तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

थोरलीनं मान वर केली आणि धाकटीकडे बघितलं. पापणी एकदा लवावी तेवढाच वेळ. आता बोलायचं होतं. तोंड उघडायचं आणि 'माझी आहेत' म्हणायचं, दोनच शब्द. समोर मालक होते, फळा होता, आणि फळ्यावर सगळ्यांत वर तिचा आकडा होता.

"माझीच आहेत," थोरली म्हणाली. "संध्याकाळचं दिसत नाही हल्ली नीट. सांगायला हवं होतं मी."

"अहो, तीस वर्षं तुम्ही—" मालक म्हणाले आणि थांबले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की ते जास्तच मोठ्यानं बोलत. "आकडा गाठायला कलमं मारायची? त्यापेक्षा बसून राहायचं होतं!"

थोरलीनं कमरेचा चाकू काढला, पातं मिटलं आणि तो टिकटिकच्या वहीवर ठेवला. वही धरलेला त्याचा हात थोडा खाली गेला. ती शेडच्या मागच्या दारानं बाहेर पडली, मातीकडे.

घरी जाताना ती पुढे चालली नाही, मागेही राहिली नाही. दोघी शेजारीशेजारी चालत होत्या. वाटेत नळावर तिनं हातपाय धुतले. माती नखांत शिरली होती ती काडीनं काढत बसली.

"अक्का," धाकटी म्हणाली.

"रोज किती?"

"पंचावन्न. कधी साठ."

"पहिल्यापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

थोरलीनं नळ बंद केला. गळत होता, पुन्हा आवळला.

"म्हणजे एकशेऐंशी माझी कधी झालीच नाहीत."

धाकटीला वाटलं होतं, ती मेलेल्या कलमांचं बोलेल, मालकांच्या शब्दांचं बोलेल. त्याची उत्तरं तिनं वाटेत जुळवली होती.

"भाऊजींना दाखवला मी हात," थोरली म्हणाली, आणि हातावरचं पाणी असं झटकलं की धाकटीच्या तोंडावर शिंतोडे उडाले. ते मुद्दाम होतं की नव्हतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी थोरलीनं नेहमीसारखं जेवण केलं, नेहमीसारखं वाढलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय वहिनी, आज किती?" थोरली म्हणाली, "आज मोजलं नाही." धाकटी उठून मागच्या दारी गेली आणि उगाचच भांडी हलवत बसली.

सकाळी ती बाकी बाया यायच्या आधी शेडवर पोचली. टिकटिक फळा पुसत होता. तिनं त्याला सांगितलं. सांगताना ती त्याच्या बुटांकडे बघत होती. बुटांवर माती होती, महिन्यापूर्वी ते चकचकीत असायचे. तिचं संपल्यावर त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तो म्हणाला, "मला दाखवा. उलटे वेढे कुठले?"

दोघं पिवळ्या दोऱ्याच्या कलमांचे वेढे तपासत बसले, मेलेल्यांचेही आणि जिवंतांचेही. बाया आल्या, भोवती उभ्या राहिल्या. धाकटीनं मान वर न करता त्यांनाही सांगितलं. वेढे दिसायला लागल्यावर सांगण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

दहाच्या सुमारास टिकटिकनं पेन्सिल खाली ठेवली. थोरलीच्या स्वतःच्या हातची म्हणून शंभर कलमं त्यानं बघितली होती. मेलेली दोन.

"शंभरात दोन," तो म्हणाला. "बाकी कुणाची दहाच्या खाली नाहीत." त्यानं वही चाळली, पुढची पानं, मागची पानं. "यासाठी मी रकानाच ठेवला नाही," असं तो म्हणाला, धाकटीला नव्हे, वहीलाच.

रेडिओ म्हणाली, "अगं, द्यायचीच होती तर चांगली तरी द्यायचीस."

तेवढंच पुरलं.

मालकांना सांगितलं तेव्हा धाकटीला वाटलं, आता आपल्याला हाकलतील, आणि तिला ते हवंहवंसं वाटलं. मालकांनी डोकं खाजवलं. "झालं ते झालं," ते म्हणाले. "तीन आठवडे काम उरलंय. तुझ्यासारखा हात मी आत्ता कुठून आणू? चारनंतर बांधायचं नाही एवढं लक्षात ठेव. आणि जा, तिला म्हणावं चाकूवर ये. साठ होऊ देत नाहीतर शंभर." म्हणजे तिला शिक्षासुद्धा मिळाली नाही. वर निरोप घेऊन तिलाच जायचं होतं.

दुपारच्या सुट्टीत ती मागच्या दारानं बाहेर पडली. ऊन असं होतं की मातीच्या ढिगाऱ्यावरची हवा थरथरत होती. थोरली डोक्यावर फडकं बांधून पाय पसरून बसली होती. एक पिशवी मांड्यांत धरलेली, एका हातानं माती लोटत होती, दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोकत होती. गाठीचा अंगठा तिनं बाहेर काढून ठेवला होता, ठोकताना लागू नये म्हणून. तिच्यामागे भरलेल्या पिशव्या उभ्या होत्या. किती ते धाकटीनं मोजलं नाही, पण मोजायला डोळे गेले होते.

"मालक म्हणतात, चाकूवर या," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं सगळ्यांना. तुमची शंभरात दोनच मेली. टिकटिकनं स्वतः मोजलं."

"बरं."

"किती झाली तरी चालतील म्हणालेत."

"बरं."

थोरलीनं पिशवी ठोकली, तोंड दुमडलं आणि मागे ठेवली. नवी घेतली. पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. तोंड उघडायला बोटं ओली करावी लागतात. तिनं बोटं जिभेला लावली, आणि माती तोंडात गेली तशी बाजूला थुंकली.

"उद्या परत आले तर एकशेवीस होतील माझी," ती म्हणाली. "कधी एकशेदहा. फळ्यावर रोज लिहिलं जाईल, सगळ्यांत खाली. तुला बसवेल शेजारी?"

"बसवेल की."

"लगेच बोलू नको."

धाकटीनं पायानं मातीचं एक ढेकूळ फोडलं.

"मला एवढंच सांग," थोरली म्हणाली. ती पिशवीतच बघत होती, माती लोटत होती. "तू दिलीस ती माझी कीव आली म्हणून, की माझी लाज वाटली म्हणून?"

कीव म्हटलं असतं तर ते अर्धं खरं ठरलं असतं. अंगठ्याची गाठ, धरलेले गुडघे, ते सगळं तिला दिसत होतंच. शब्द ओठांपर्यंत आलाही. पण त्याच्यामागे तिला ती संध्याकाळ दिसली. फळ्यावर वरून खाली आलेल्या नजरा, मानेवरचं घामोळं, आणि झाडू घेऊन वाकलेली ही बाई आपल्या घरची नसती तर किती बरं झालं असतं, असं क्षणभर वाटून गेलेलं.

"लाज वाटली," धाकटी म्हणाली. आवाज असा निघाला की तिला स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "तुमची लाज वाटली, अक्का."

थोरलीची मूठ थांबली. मग तिनं हातातली पिशवी ठोकून पुरी केली, दुमडली, मागे ठेवली. तिच्या शेजारी वाळूचं घमेलं होतं. ते तिनं पायानं पलीकडे लोटून जागा केली.

"हं," ती म्हणाली. "आता बस."